शंभरातले हातात किती

अभिमन आबाचं डोकं महिनाभरापासून तापलेलं होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. धाकट्या प्रमिलेसाठी धुळ्याच्या गिरणीतला मुलगा सांगून आला होता. निंबा नाव. मुलगा निर्व्यसनी, घर ओळखीतलं, पोरीलाही पसंत. गाडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी. मुलाला पगार किती?

आता हा काय अवघड प्रश्न झाला? पण याचं सरळ उत्तर एका लेकाच्यानं दिलं असेल तर शपथ. मध्यस्थ होता उखर्डू, आबाचा लांबचा मावसभाऊ. लोकांची लग्नं जुळवत फिरणं हाच त्याचा उद्योग. तो म्हणाला, "एकशे दहा." मुलाचा बाप पितांबर बोलणीला आला तेव्हा म्हणाला, "शंभर." आबानं उखर्डूला धरलं तर तो हसत म्हणतो, "दादा, वरचे दहा मन्ही जिभना. सोयरीक म्हटलं की तेवढं चालस."

"चालस? तुन्ही जीभ हासडी काढसू!" आबा ओरडला, तो दारातली कोंबडी पळाली.

चिडणार नाही तर काय? दुधानं तोंड पोळलेला माणूस होता तो. थोरली बेबा एरंडोलला दिली, तेव्हाही असंच झालं होतं. जावई मालमोटारीवाला, महिन्याला दोनशे येतात, असं सांगितलं गेलं. दोनशे! आबानं गावभर मिशीला पीळ देत सांगितलं होतं. आणि खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. दोनशे येत होते की. पण मोटार कर्जाची, टायर उधारीचे, पेट्रोल रोजचं. येणारे दोनशे उंबरा ओलांडायच्या आतच वाटेला लागत. आधी बेबाच्या गळ्यातली सोन्याची पोत गेली, मग पाटल्या गेल्या, आणि शेवटी लेकराला कडेवर घेऊन बेबाच परत आली. त्याला आता चौथं वर्ष. घरात ती खाली मान घालून वावरायची. जेवताना आबा तिच्याकडे बघायचं टाळायचा.

म्हणून या खेपेला आबानं दोन अटी घातल्या होत्या. पहिली, मुलाकडच्यांनी दीड तोळ्याची पोत आधी करून दाखवायची. तोंडाच्या वाफेवर पोरगी मिळणार नाही. त्याबदल्यात आबा जावयाला नवी सायकल देणार होता, पैसेही बाजूला काढून ठेवले होते. आणि दुसरी अट, पगाराच्या दिवशी गिरणीच्या खिडकीपाशी आपण स्वतः उभं राहायचं.

"मी मन्हा डोयाघाई देखसू," तो म्हणाला, "मंगच हा म्हणसू."

"देखा," झुंबरबाई म्हणाली. त्याची बायको. ती फार बोलायची नाही. बोलायची तेव्हा मात्र आबाला वाटायचं, ही बोलली नसती तर बरं झालं असतं.

पगाराच्या दिवशी दोघं शिंदखेड्याहून एस.टी.नं धुळ्याला आली. गिरणीच्या चाळीत पितांबरची एक खोली होती. त्याची बायको सुंदरबाई पुढं आली, पाय धुवायला पाणी दिलं, गूळ-शेंगदाणे पुढं ठेवले. आबानं शेंगदाण्याला हात लावला नाही. "आधी काम," म्हणाला. बायका खोलीत बसल्या आणि पितांबर त्याला घेऊन गिरणीकडं निघाला.

फाटकावरचा पहारेकरी पितांबरच्या ओळखीचा. त्यानं पाहुण्याला पटांगणात उभं राहू दिलं. पगाराच्या खिडकीपुढं ही मोठी रांग. कापसाचा कीस डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर घेऊन माणसं उभी. त्यांच्यात निंबा होता. उंच, किडकिडीत, मान जरा पुढं काढून चालणारा. आबाला पाहिल्यावर तो कानापर्यंत लाल झाला. सगळ्या जोडीदारांसमोर सासरा पगार मोजायला आलाय म्हटल्यावर कोणाचं काय होईल? मागून एक जण म्हणालाच, "निंबा, आज डबल हजेरी का रे?"

निंबाचा नंबर लागला. आबा त्याच्या खांद्याला खांदा लावून खिडकीशी गेला आणि आतल्या कारकुनाला सरळच विचारलं, "साहेब, ह्या पोराला पगार किती?"

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"मी मुलीचा बाप."

रांगेत हशा पिकला. कारकून मात्र हसला नाही. त्याला अजून दोनशे माणसं उरकायची होती. त्यानं कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "पगार बत्तीस रुपये."

आबाला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "किती?"

"बत्तीस. मूळ पगार बत्तीस. चला, पुढं."

आबानं पितांबरकडं असं पाहिलं की पितांबर दोन पावलं मागं सरला. एकशे दहाचे शंभर, शंभराचे बत्तीस! अजून थोडा वेळ थांबलं तर हा पोरगा गिरणीलाच काही देणं लागायचा. एवढ्यात कारकुनानं नोटा पुढं सरकवल्या, निंबानं अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या आणि आबानंही त्याच्याबरोबर ओठ हलवत मोजल्या. शहात्तर.

"हे कुठले शहात्तर?" आबा किंचाळला. "पगार बत्तीस, आणि देता शहात्तर? का येडं समजता मला?"

"अहो पाटील, महागाई धरून शंभर होतात, त्यातून कापून शहात्तर. बाजूला व्हा!" कारकून आता खरंच वैतागला. मागच्यांनीही गलका केला. कोणीतरी आबाचं धोतर ओढलं. निंबानं त्याचा दंड धरून त्याला बाजूला आणलं नसतं तर त्या खिडकीची काही धडगत नव्हती.

फाटकाबाहेर चहाचं दुकान होतं. तिघं बाकावर बसले. चहा आला, त्यावर साय धरली, तरी आबानं कपाला हात लावला नाही.

"आबा, मी सांगतो," निंबा हळूच म्हणाला. "मूळ पगार बत्तीस. ज्वारी-बाजरी महागली तशी वर महागाई मिळते, ती अडुसष्ट. दोन्ही मिळून शंभर. म्हणजे वडील बोलले ते खोटं नव्हतं."

"मंग हातमा शंभर का नही येत?"

"त्यातून कापतात."

"कसाले कापतस?" आबानं बाकावर मूठ आपटली. "तू काय गुन्हा केला?"

आणि इथंच खरी गोम होती. आबाच्या घरी सालदार होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचं साल ठरायचं, इतके रुपये, इतक्या पायल्या दाणे, एक जोडी वहाणा. ठरलं ते ठरलं. त्यातून पैसा कापायचा तो दोनच कारणांसाठी. एक, खाडे केले म्हणून. दोन, आधी उचल घेतली म्हणून. ज्याचं साल कापलं जातं तो एक तर कामचुकार, नाही तर उधळ्या. असल्या गड्याला पुढच्या आखाजीला कोणी दारात उभं करत नाही. आबाच्या साठ वर्षांत याला तिसरं कारण त्यानं पाहिलं नव्हतं. आणि इथं हा पोरगा, जावई व्हायला निघालेला, शांतपणे सांगत होता की माझे दर महिन्याला चोवीस कापतात!

"गुन्हा नाही, आबा. कायद्यानंच कापतात. रुपयाला एक आणा फंड. शंभराचे सहा रुपये चार आणे. तेवढेच गिरणी आपल्याकडून टाकते. काम सोडलं की सगळे एकदम परत मिळतात."

"परत द्यायचे तर कापता कशाला? माझ्याजवळ काय कणगी नाही पैसे ठेवायला?"

निंबानं कपाळावरचा घाम पुसला. "चाळीच्या खोलीचं भाडं साडेपाच, ते इथंच कापून घेतात. युनियनचे चार आणे. हे झाले बारा रुपये."

"आणि वरचे बारा?"

पितांबर घाईघाईनं म्हणाला, "आबा, चहा घ्या ना, निवला."

"चहा मरू दे! वरचे बारा कशाचे?"

"पतपेढीचा हप्ता," निंबा खाली बघत म्हणाला. "कर्ज काढलं होतं."

"म्हणजे उचल!" आबा ताडकन उठला. सापडला! एवढा वेळ ज्याच्या मागावर होता तो चोर शेवटी सापडला होता. "बघा, मी काय म्हणत होतो! उचल कशासाठी केली? पत्ते खेळतो? शिनीमा पाहतो? का एखादी ठेवलीय?"

"आबा!" निंबाचा चेहरा एकदम बदलला. त्यानं बापाकडं पाहिलं. पितांबरनं डोळ्यांनीच खुणावलं, बोलू नको. पोरगा ओठ आवळून बसला. "तसलं काही नाही," एवढंच म्हणाला. "कशासाठी ते मी नाही सांगणार. पण तसलं नाही."

"मग राहू दे तुझ्याजवळच! हे लगीन मोडलं. बठ्ठा चोर शेतस, सगळेच्या सगळे!" असं म्हणून आबानं टोपी झटकली आणि तरातरा चाळीकडं निघाला. दारातूनच ओरडला, "उठ वं, चाल घर!" झुंबरबाईनं सुंदरबाईकडं पाहिलं, सुंदरबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण नवरा असा पेटलेला असताना त्याच्याशी भर चाळीत वाद घालण्याइतकी झुंबरबाई खुळी नव्हती. तिनं पदर सावरला आणि निमूट मागं निघाली.

स्टँडवर शिंदखेड्याची गाडी लागायची होती. आबा एका खांबाला टेकून धुमसत राहिला. बायकोला सगळं सांगितलं. एकशे दहा कसे, शंभर कसे, बत्तीस कसे, शहात्तर कसे. सांगता सांगता स्वतःच आकडे चुकला, म्हणून आणखी चिडला. "एका माणसाले चार पगार! अशी कुठं नोकरी राहस का?"

झुंबरबाई पिशवीवर बसून ऐकत होती. त्याचा दम संपल्यावर म्हणाली, "औंदा कापूस काय भावनं इकला?"

"आता कापसाचं काय काढलं?"

"सांगा ना."

"गावाला विचार! सगळ्यांना माहीत आहे. आपल्यासारखा भाव औंदा कोणाला लागला नाही."

"हो. चावडीवर तुम्ही भाव सांगतस," ती म्हणाली. "आनि घर येईसन मन्हा हातमा कितला देतस?"

आबा गाडी आली का ते बघायला लागला.

"मी इचारस, एवढेच कसे, तर तुम्ही सांगतस, अडत गयी, हमाली गयी, तोलाई गयी, धर्मादा गया. मी म्हटलं का कधी, तुम्ही कोणाचा खून केला म्हणून कापलं? का पत्ते खेळी उनात?"

"ते तर सगळ्यांचंच कापतात!"

"मंग हाई बी सगळ्यांचंच कापतस."

च्यायला, खरंच की. भाव वेगळा आणि पट्टी, म्हणजे अडत्यानं कापून हातात टेकवलेली रक्कम, वेगळी, हे तर तो मिसरूड फुटल्यापासून जाणत होता. चावडीवर भाव सांगायचा, घरी पट्टी सांगायची. पितांबरनंही भावच सांगितला होता. मग खिडकीपाशी आपण एवढा थयथयाट का केला? पण माणूस इतक्या लवकर हार मानेल तर तो आबा कसला? त्यानं शेवटचं हत्यार काढलं. "बरं, ते बारा जाऊ दे. पण दुसरे बारा? ती उचल शे. विचारलं तर तोंड शिवून बसला. त्याचं काय?"

"ती उचल त्यानी नही केली," झुंबरबाई म्हणाली. "तुम्ही केली."

"मी?"

"निंबानी माय माले सांगताना रडत होती. डबा उघडीसन पोत दखाडी. दीड तोयानी. आधी पोत करा, मंग बोला, असं कोण म्हणालं होतं? गिरणीत राबणारा पोर एकदम दीड तोळा सोनं कुठून आणणार? पतपेढीतून काढले. तुम्हाला सांगायचं नाही असं बापलेकांनी ठरवलं. सोयऱ्याची अट कर्ज काढून पुरी केली म्हटलं तर मान जाईल ना त्यांचा."

गाडी आली. माणसं खिडक्यांतून टोप्या-रुमाल टाकून जागा धरायला लागली. आबा जागचा हलला नाही.

"आनि अजून एक सांगस," झुंबरबाई उठत म्हणाली. "वर्षभर ते बारा कापणार. लगीन झालं की त्या घरात रांधणार कोण? आपली प्रमिला. तेल कमी, दाळ कमी, कोणाच्या ताटात? तुम्ही जावयाचा पगार नही कापला. पोरीना घास कापला."

आबानं टोपी काढली, परत घातली. एवढ्या मोठ्या स्टँडवर त्याला कुठं बघावं ते कळेना. बेबाच्या गळ्यातली पोत गेली म्हणून प्रमिलेच्या गळ्यात आधी पोत पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ती पोत कोण, कशातून करणार, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं. स्वतःवरच इतका राग आला की वाटलं, त्या खांबावर डोकं आपटावं. गाडी शिंदखेड्याला निघून गेली.

दोघं परत चाळीत आली तेव्हा खोलीत सगळे सुतकात बसल्यासारखे बसले होते. आबा दारात उभा राहिला. माफीबिफी मागायची त्याला सवय नव्हती, आणि ती त्या दिवशीही लागली नाही. आवाज चढवूनच तो म्हणाला, "ते शेंगदाणे कुठं गेले? सकाळपासून पोटात काही नाही!"

सुंदरबाई धडपडत उठली. आबा निंबाच्या समोर पाट ओढून बसला.

"सायकल देणार म्हटलो होतो. ती मिळणार नाही."

"हो," निंबा म्हणाला.

"तिचे पैसे घेऊन तू उद्या पतपेढीत जायचं. हप्ता बंद करायचा."

निंबा गडबडला. पितांबर म्हणाला, "नाही नाही, आबा, असं कसं? आमची जबाबदारी..."

"मध्ये बोलू नको, पितांबर! तू शंभर सांगून मोकळा झालास. आता मी मोजतोय." आबानं ताटलीतले शेंगदाणे जमिनीवर मांडायला सुरुवात केली. शंभराचा एक ढीग मनाशी धरला, त्यातून फंडाचे उचलले, भाड्याचे उचलले, युनियनचा पावच दाणा तोडून बाजूला ठेवला. एकदा चुकला. "थांब," म्हणाला आणि परत पहिल्यापासून मांडले. झुंबरबाई पदराआड हसली. अखेर त्यानं मान वर केली. "हातात अठ्ठ्याऐंशी. बरोबर?"

"बरोबर, आबा."

"आणि गिरणीला चालत जायचं."

"चालतच जातो मी," निंबा म्हणाला आणि पहिल्यांदाच हसला.

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. वेशीजवळ उखर्डू वाटच बघत बसला होता. चार माणसं आणखी होती. "काय दादा, जमलं का? पगार कितला निंघना?"

आबानं सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. चार माणसं तोंडाकडं बघत होती. "शंभर," तो ताठ मानेनं म्हणाला. झुंबरबाईनं मागून एक हुंकार दिला, तो त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ओसरीवर बेबानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. उखर्डूचा आवाज तिच्यापर्यंत आला असावा. तांब्या ठेवून ती आत गेली नाही, तिथंच खांबाजवळ उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "आबा, शंभर म्हणजे, हातमा कितला?"

चावडीवरचं उत्तर तिला देता येणार नव्हतं. आबा खाली बसला, तिलाही बसायला सांगितलं. मूळ पगार काय, महागाई काय, फंड कशाला कापतात, भाडं किती, युनियन किती, पतपेढी काय आणि ती कशी मिटवली, सगळं त्यानं तिला सांगितलं. न चिडता सांगितलं. ती एकेका गोष्टीवर मान हलवत होती. मध्येच विचारलंही, "फंड परत भेटस ना, नक्की?" तो म्हणाला, "नक्की." तिनं हातावर हिशेब केला आणि म्हणाली, "अठ्ठ्याऐंशीमा भागी जाई प्रमिलानं."

"भागेल," आबा म्हणाला.

बेबा उठली. रिकामा तांब्या उचलला. दाराशी जाऊन वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर आबाला तो सोसला असता.

"मन्हा येळे बी इतलं इचारं राहतं तर, आबा..."

आत जाऊन चूल पेटवायला लागली. आबा ओसरीवर बसून राहिला. जेवायला हाक आली, तरी बराच वेळ तो उठला नाही.